सरकार अल्पमतात गेलं की मतदाराने काय मोजायचं आणि काय मागायचं

सरकार पडणार अशी पट्टी टीव्हीवर सरकायला लागली की नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाच्या चहाटपरीपासून लासलगावच्या कांदा लिलावापर्यंत एकच आकडा तोंडी असतो: १४५. विधानसभेचे आमदार २८८, निम्मे १४४, वर एक. गणित चुकीचं नाही, पण बहुमत चाचणीच्या दिवशी ते बहुधा कामाला येत नाही. संविधानाच्या अनुच्छेद १८९ प्रमाणे ठराव मंजूर होतो तो हजर राहून मत देणाऱ्यांच्या बहुमताने. ४ जुलै २०२२ ला एकनाथ शिंदे सरकारचा विश्वासदर्शक ठराव १६४ विरुद्ध ९९ मतांनी मंजूर झाला. मतं पडली २६३, म्हणजे त्या दिवशी १३२ सुद्धा पुरली असती.

मंत्री एकामागून एक निघून जातात, बहुमताबद्दल शंका येते, तेव्हा मतदाराने काय पाहायचं, कोणत्या क्रमाने नोंदवायचं आणि आपल्या आमदाराकडे काय मागायचं, त्याची ही कृती. नाशिक जिल्ह्यात १५ मतदारसंघ आहेत. त्यातला आपला कोणता, हे ज्याला पक्कं माहीत आहे त्याला पुढचं सगळं जमेल. पेच दिल्लीचा असेल तर आधी खासदार कोण ते तपासा. जिल्ह्यात राहणाऱ्या सगळ्यांचा खासदार नाशिक किंवा दिंडोरीचाच असतो असं नाही. बागलाण, मालेगाव मध्य आणि मालेगाव बाह्य हे तिन्ही मतदारसंघ धुळे लोकसभेत मोडतात.

साहित्य फार लागत नाही. दोनशे पानी वही, शासन निर्णयांचं आणि विधानमंडळाचं संकेतस्थळ, आणि चाचणीच्या दुसऱ्या दिवशीचं वर्तमानपत्र. जुने अंक हवे असतील तर नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात (सावाना) चौकशी करा. सावाना १८४० पासून आहे, वर्तमानपत्रं चाळायला येणारा माणूस तिथे नवा नाही.

आकडा मांडायचा कसा

वहीच्या पहिल्या पानावर २८८ लिहा आणि खाली उतरत या. आधी रिक्त जागा वजा करा: निधन, मंजूर झालेला राजीनामा, अपात्रता. राजीनामा दिला आणि राजीनामा मंजूर झाला यात अंतर असतं. तो स्वेच्छेने आणि खरोखरच दिलेला आहे अशी अध्यक्षांची खात्री पटली तरच ते स्वीकारतात, ही अट १९७४ च्या दुरुस्तीने आली. त्यामुळे हॉटेलातून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या राजीनाम्याच्या फोटोवर जागा वजा करू नका.

मग अध्यक्ष वजा करा. ते सुरुवातीला मत देत नाहीत, समसमान मतं पडली तरच त्यांचं निर्णायक मत. त्यानंतर गैरहजर, त्यानंतर तटस्थ. समजा तीन जागा रिक्त, अध्यक्ष एक, गैरहजर १५, तटस्थ ४. उरले २६५, बहुमत १३३. म्हणजे १४५ पासून बारा मतं खाली आलो, आणि तेही कुणी पक्ष न सोडता. सरकार वाचवायचं असो की पाडायचं, गैरहजर राहणं हेही हत्यारच आहे. म्हणून वहीत ‘गैरहजर’ हा रकाना ‘विरोधात’ या रकान्याइतकाच रुंद ठेवा.

विधान परिषदेचे ७८ सदस्य या हिशेबात धरायचे नाहीत. मंत्रिमंडळ जबाबदार असतं ते विधानसभेला (अनुच्छेद १६४). मंत्री विधान परिषदेचा सदस्य असला तर तो विधानसभेत येऊन बोलू शकतो, मत देऊ शकत नाही. उद्धव ठाकरे मे २०२० मध्ये विधान परिषदेवर बिनविरोध निवडून आले होते. जून २०२२ मध्ये त्यांच्या सरकारची चाचणी झाली असती तरी स्वतःच्या सरकारसाठी ते स्वतः मत देऊ शकले नसते. तुरुंगातले आमदार मात्र आपोआप वजा होत नाहीत. २९ जून २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने अनिल देशमुख आणि नवाब मलिक यांना पोलीस बंदोबस्तात चाचणीला हजर राहण्याची परवानगी दिली होती.

इथे दोन चुका नेहमी होतात. पहिली, विरोधात शून्य मतं पडली म्हणजे विरोध नव्हता असं समजणं. ३० नोव्हेंबर २०१९ ला ठाकरे सरकारच्या बाजूने १६९ मतं पडली, विरोधात एकही नाही, चार जण तटस्थ. कारण भाजपने सभात्याग केला होता. दुसरी चूक, ‘आवाजी मतदानाने मंजूर’ हे वाक्य वाचून पान उलटणं. १२ नोव्हेंबर २०१४ ला देवेंद्र फडणवीस यांच्या अल्पमतातल्या सरकारचा विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने मंजूर झाला. त्यावरून गदारोळ उठला, पण कोणता आमदार ‘होय’ म्हणाला आणि कोणता ‘नाही’, याची नावानिशी नोंद झाली नाही, आणि ती नंतर तयारही करता येत नाही. मतविभागणी म्हणजे पोल मागायचा असतो तो सभागृहात, तिथल्या तिथे. आपल्या आमदाराने तो मागितला का, हा प्रश्न म्हणूनच विचारण्यासारखा आहे.

नियमाने शिरगणती होते तेव्हा सदस्य उभे राहून आपलं नाव सांगतात आणि मोजणी पुढे सरकते. थेट प्रक्षेपण चालू असेल तर आपल्या पंधरा जणांची नावं तेव्हाच टिपून घ्या. रात्री बातम्यांत फक्त बेरीज येते.

ग्रामपंचायतीचा हिशेब इथे लावू नका. सरपंचावरच्या अविश्वासाला विशेष बहुमत लागतं आणि त्याचा कायदा वेगळा आहे. विधानसभेत साधं बहुमत पुरतं. विश्वासदर्शक ठराव सरकारने हरला काय आणि अविश्वास प्रस्ताव विरोधकांनी जिंकला काय, परिणाम तोच. अविश्वास प्रस्तावाला कारण द्यावं लागत नाही आणि तो सगळ्या मंत्रिमंडळावर असतो. एकट्या मंत्र्यावर ठपका ठेवायचा तर निंदाव्यंजक ठराव, आणि त्यात कारण लिहावं लागतं. अर्थसंकल्पातली मागणी किंवा विनियोजन विधेयक सभागृहात पडलं तरी संकेताने तो सरकारचा पराभवच समजला जातो, हे फारसं कुणी लक्षात ठेवत नाही.

मंत्री गेला, खातं कुणाकडे गेलं

मंत्री जाणं आणि बहुमत जाणं या दोन गोष्टी वेगळ्या पानांवर लिहा. मंत्र्याने राजीनामा दिला तरी तो आमदार असतोच, आणि तो उद्या सरकारच्या बाजूने मत देऊ शकतो. उलटही होतं: मंत्रिपद न सोडता माणूस विरोधात जाऊन बसतो.

जून २०२२ मध्ये तेच झालं. बंड केलेल्या मंत्र्यांना मंत्रिमंडळातून काढलं नाही, २७ जूनला त्यांची खाती काढून घेतली. एकनाथ शिंदे यांची खाती सुभाष देसाई यांच्याकडे, गुलाबराव पाटील यांचं खातं अनिल परब यांच्याकडे, उदय सामंत यांचं आदित्य ठाकरे यांच्याकडे गेलं. नाशिककरांच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे मालेगाव बाह्यचे दादा भुसे यांचं कृषी खातं शंकरराव गडाख यांच्याकडे गेलं. पेरणीच्या तोंडावर कृषिमंत्री बदलला आणि जुना मंत्री बिनखात्याचा मंत्री म्हणून कागदोपत्री कायम राहिला. अशा वेळी वहीत तीन तारखा हव्यात: मंत्री शेवटचा कार्यालयात कधी होता, खातं कधी काढलं, आणि राजीनामा किंवा बडतर्फीची अधिसूचना कधी निघाली. तिसरी तारीख कधीकधी येतच नाही, कारण त्याआधी सरकारच जातं.

मंत्रिमंडळाच्या संख्येलाही वरखाली मर्यादा आहे. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने कमाल मर्यादा सभागृहाच्या १५ टक्के, म्हणजे महाराष्ट्रात मुख्यमंत्र्यांसह ४३. किमान संख्या १२. वरची मर्यादा सगळ्यांना पाठ असते, कारण तिच्यामुळे कुणाचं तरी मंत्रिपद हुकतं. खालचीकडे कुणी बघत नाही. ३० जून २०२२ पासून ९ ऑगस्टच्या विस्तारापर्यंत राज्यात मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्री असे दोघेच होते. त्या चाळीस दिवसांत कोणत्या खात्याचं उत्तर कोण देणार, याला सरळ उत्तर नव्हतं.

जिल्ह्याला झळ बसते ती पालकमंत्र्याच्या जागेवरून. जिल्हा नियोजन समितीचा अध्यक्ष पालकमंत्री असतो. सरकार बदलल्यावर जुलै २०२२ मध्ये, १ एप्रिलनंतर जिल्हा नियोजन समित्यांनी मंजूर केलेल्या कामांना स्थगिती दिली गेली, आणि नवे पालकमंत्री जाहीर झाले २४ सप्टेंबरला. नाशिकला भुसे आले. मधले अडीच-पावणेतीन महिने गावातल्या रस्त्याचं किंवा शाळाखोलीचं काम का थांबलं हे विचारायला गेलं की ‘वरून आदेश नाही’ एवढंच कानावर पडे. जानेवारी २०२५ मध्येही नाशिक आणि रायगडच्या पालकमंत्र्यांची नावं जाहीर झाली आणि दुसऱ्याच दिवशी त्या नेमणुकांना स्थगिती आली.

तुमच्या गावाचं एखादं काम अडकलं असेल तर ‘काम का थांबलं’ असं मोघम विचारू नका. जिल्हाधिकारी कार्यालयातल्या नियोजन शाखेला विचारा की प्रशासकीय मान्यतेचा क्रमांक आणि तारीख काय, तांत्रिक मान्यता झाली का, निविदा निघाली का, कार्यारंभ आदेश दिला का. काम यातल्या कोणत्या टप्प्यावर आहे ते कळलं की स्थगितीचा आदेश त्याला लागू होतो का, हे आदेश वाचून स्वतःच ठरवता येतं. बहुतेक वेळा अडवणूक आदेशापेक्षा मोठी असते.

मंत्री बाहेर पडला तर त्याच्याकडून कारण मिळवायची एक जुनी वाट आहे. लोकसभेच्या नियम १९९ प्रमाणे राजीनामा दिलेला मंत्री अध्यक्षांच्या संमतीने सभागृहात व्यक्तिगत निवेदन करू शकतो. त्यावर चर्चा होत नाही, पण निवेदन कार्यवाहीत कायमचं राहतं. पत्रकार परिषदेतलं बोलणं दोन दिवसांत ‘विपर्यास केला’ म्हणून परत घेता येतं. सभागृहातलं निवेदन तसं सहज परत घेता येत नाही, आणि म्हणूनच बहुधा मंत्री आधी चॅनेलचा माईक गाठतात.

राज्यपालांचं पत्र वाचताना

बहुमताची खात्री राजभवनात करायची नाही, सभागृहात करायची, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ च्या बोम्मई निकालाने पक्कं झालं. त्यामुळे परेडचे फोटो, सह्यांची पत्रं, बसमधून उतरणारे आमदार, हे सगळं वहीच्या मागच्या पानावर. पुढच्या पानावर येतं ते राज्यपालांनी चाचणी घ्यायला सांगितलेलं पत्र. त्यात पाहायचं ते हे: सरकारने बहुमत गमावलं असं मानायला राज्यपालांसमोर नेमका कोणता कागद होता, कुणी पाठिंबा काढल्याचं लेखी दिलं होतं का, आणि चाचणीला किती तास दिले.

पहिला प्रश्न किती वजनदार आहे ते सर्वोच्च न्यायालयाच्या ११ मे २०२३ च्या निकालात दिसतं. पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने म्हटलं की २८ जून २०२२ ला चाचणीचे आदेश देताना सरकारने विश्वास गमावला असं मानण्यासारखा वस्तुनिष्ठ आधार राज्यपालांपुढे नव्हता, आणि पक्षांतर्गत वाद मिटवण्यासाठी बहुमत चाचणी हे साधन नाही. आमदार आपल्याच पक्षाच्या नेतृत्वावर नाराज आहेत आणि आमदारांनी सरकारचा पाठिंबा काढला आहे, ही दोन वाक्यं एक नव्हेत. बातमीत ती सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात.

मुदतीचा नमुना म्हणून नोव्हेंबर २०१९ घ्या. २६ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं: दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत चाचणी, हंगामी अध्यक्षांच्या हाताखाली, गुप्त मतदान नाही, थेट प्रक्षेपण. पुढे कधी पेच आला तर या चार गोष्टी आहेत का, एवढं ताडून पाहायचं.

मतदानाआधीच राजीनामा

वहीतलं सगळ्यात महत्त्वाचं पान हे आहे, आणि ते बहुतेकदा कोरं राहतं. २६ नोव्हेंबर २०१९ ला फडणवीस यांनी चाचणीआधी राजीनामा दिला. २९ जून २०२२ ला ठाकरे यांनी चाचणीआधी राजीनामा दिला. पक्ष वेगळे, परिणाम एकच: सभागृहात चर्चा नाही, मतदान नाही, कोणत्या आमदाराने काय केलं याची नोंद नाही.

ही खोड महाराष्ट्रापुरती नाही. जुलै १९७९ मध्ये मोरारजी देसाई सरकारवर अविश्वास प्रस्ताव मांडला तो विरोधी पक्षनेते यशवंतराव चव्हाण यांनी, तेच यशवंतराव जे १९६३ मध्ये नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध गेले होते. चर्चा चालू असतानाच जनता पक्षातून गळती लागली, मंत्री राजीनामे देत गेले. जॉर्ज फर्नांडिस यांनी सभागृहात सरकारची जोरदार बाजू मांडली आणि लगेच ते स्वतःच बाहेर पडले. १५ जुलैला मोरारजींनी मतदानाआधी राजीनामा दिला. त्यांच्यानंतर आलेले चरणसिंग तर पंतप्रधान म्हणून लोकसभेला सामोरेच गेले नाहीत, २० ऑगस्टला त्यांनीही राजीनामा दिला. त्या उन्हापावसात कोण खरोखर कुणाच्या बाजूला होतं, ते आठवणींच्या पुस्तकांतून शोधावं लागतं. याउलट १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० असं एका मताने पडलं, आणि त्यातलं एकेक मत आजही बोट ठेवून दाखवता येतं.

आधीच राजीनामा देण्याची किंमत २०२३ च्या निकालात उघड झाली. राज्यपालांचा आदेश चुकीचा ठरला, तरी ठाकरे चाचणीला सामोरे गेले नाहीत, स्वेच्छेने राजीनामा दिला, म्हणून आधीची स्थिती परत आणता येत नाही, असं न्यायालयाने सांगितलं. हरण्यातही फायदा असतो तो असा. हरलेल्या मतदानाला न्यायालयात आव्हान देता येतं, न झालेल्या मतदानाला आव्हान कसलं द्यायचं?

म्हणून चाचणीची तारीख जाहीर झाली की त्याच दिवशी आमदाराला लेखी विचारा: तुम्ही कोणत्या बाजूने मत देणार आहात? चाचणी झाली तर उत्तर पडताळता येईल. झाली नाही, तर तुमच्याकडे असलेली ही एकच नोंद.

अपात्रतेची फाइल

संविधानाच्या दहाव्या परिशिष्टावर, म्हणजे पक्षांतरबंदीच्या कायद्यावर, चौकात बोलणाऱ्यांची एक समजूत अजून जात नाही: एक-तृतीयांश आमदार फुटले की सुटले. ती सवलत २००३ मध्ये गेली. आता दोन-तृतीयांशांचा उल्लेख उरला आहे तो विलीनीकरणाच्या संदर्भात. नुसते दोन-तृतीयांश एका हॉटेलात जमले म्हणून संरक्षण मिळत नाही, त्यांचा गट दुसऱ्या पक्षात विलीन व्हावा लागतो.

अपात्रता दोन कारणांनी ओढवते. पक्षाचं सदस्यत्व स्वेच्छेने सोडणं, आणि ते कृतीतूनही सोडलं जाऊ शकतं, लेखी राजीनामाच लागतो असं नाही. किंवा पक्षादेशाविरुद्ध (व्हीपविरुद्ध) मत देणं वा गैरहजर राहणं, पक्षाने पंधरा दिवसांत माफ केलं नाही तर. पक्षादेश काढणारा प्रतोद कुणी नेमायचा, यावर २०२३ च्या निकालाचं म्हणणं स्वच्छ आहे: राजकीय पक्षाने. आमदारांच्या गटाने परस्पर नेमलेला चालत नाही. दोन गट दोन व्हीप काढतात तेव्हा वहीत दोन्हींची तारीख, वेळ आणि सही करणाऱ्याचं नाव लिहा. पुढची सगळी भांडणं त्या सहीवर चालतात.

निर्णय अध्यक्षांचा, आणि खुर्चीच रिकामी असेल तर उपाध्यक्षांचा. २०२१ च्या फेब्रुवारीत नाना पटोले यांनी राजीनामा दिल्यापासून अध्यक्षपद रिकामं होतं, म्हणून २०२२ चा पेच उपाध्यक्ष असलेले दिंडोरीचे आमदार नरहरी झिरवाळ यांच्या टेबलावर आला. २५ जूनला त्यांनी सोळा आमदारांना नोटिसा काढल्या, उत्तराला दोन दिवस दिले. सर्वोच्च न्यायालयाने ती मुदत १२ जुलैपर्यंत वाढवली. दरम्यान झिरवाळ यांनाच हटवण्याची सूचना आली होती, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या नबाम रेबिया निकालाप्रमाणे स्वतःवर तशी सूचना प्रलंबित असताना अध्यक्षांनी अपात्रतेवर निर्णय द्यायचा नसतो. कागदावर हे न्याय्य दिसतं. व्यवहारात, नोटीस येणार असा वास आला की आधी अध्यक्षांवर सूचना टाकून द्यायची, ही सोपी युक्ती झाली. तो मुद्दा घटनापीठाने २०२३ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाकडे पाठवला.

३ जुलैला राहुल नार्वेकर अध्यक्ष झाले आणि अपात्रतेवर निर्णय आला तो १० जानेवारी २०२४ ला. नोटिसांपासून साडेअठरा महिने. विधानसभेची मुदत पाच वर्षांची, त्यातला एवढा काळ ज्यांच्या पात्रतेचाच प्रश्न होता ते मतं देत राहिले. साधारण तीन महिन्यांत निकाल लावावा असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये मणिपूरच्या प्रकरणात म्हटलं होतं. वहीत अर्ज दाखल झाल्याची तारीख लिहून समोर नव्वदावा दिवस आधीच मांडून ठेवा. तो उलटला की विचारायला मुद्दा तयार असतो.

शेवटच्या दिवसांतले शासन निर्णय

बहुमत डळमळलं की मंत्रालयात फाइलींना पाय फुटतात. ‘काळजीवाहू सरकार’ हा शब्द संविधानात नाही. मोठे धोरणात्मक निर्णय घेऊ नयेत हा संकेत आहे, कलम नव्हे. २९ जून २०२२ च्या मंत्रिमंडळ बैठकीत औरंगाबाद, उस्मानाबादची नावं बदलण्याचे आणि नवी मुंबई विमानतळाला दि. बा. पाटील यांचं नाव देण्याचे निर्णय झाले. राज्यपालांनी चाचणीचे आदेश दिल्यानंतरची ती बैठक होती, म्हणून नव्या सरकारने १६ जुलैला तेच विषय पुन्हा मंजूर केले.

तपासायची पद्धत अशी. शासन निर्णयाच्या संकेतस्थळावर विभाग आणि तारखांची चौकट निवडा: पहिला मंत्री फुटल्याच्या दिवसापासून नव्या शपथविधीपर्यंत. प्रत्येक निर्णयावर एक लांबलचक संकेतांक असतो, त्याचे पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना, दिवस. निर्णयावर छापलेली तारीख आणि हे आठ अंक जुळतात का ते बघा. तारीख पेचाच्या आधीची आणि संकेतांक पेचाच्या मधला, असं दिसलं तर लगेच घोटाळा म्हणून आरडाओरडा करू नका, निर्णय सही होऊन उशिरा चढवला जाणंही नेहमीचंच आहे. पण तो निर्णय बदल्यांचा, जमिनीचा किंवा निधी वाटपाचा असेल तर ‘नाशिक’ हा शब्द शोधून पानाची प्रत उतरवून ठेवा. नवं सरकार जुन्या निर्णयांना स्थगिती देतं तेव्हा ही यादीच कामाला येते.

पत्र आणि माहितीचा अर्ज

आमदाराला पत्र एक पानाचं, प्रश्न तारखेचे. नमुना:

‘मा. आमदार महोदय, स. न. मी आपल्या मतदारसंघातला मतदार आहे. (१) अमुक तारखेच्या विश्वासदर्शक ठरावावर आपण बाजूने, विरोधात, तटस्थ की गैरहजर होता? (२) गैरहजर असल्यास कारण. (३) आपल्याला त्या ठरावासाठी पक्षादेश मिळाला होता का, कुणाच्या सहीने? (४) ठराव आवाजी मतदानाने झाला असल्यास आपण मतविभागणी मागितली का? (५) सोबतच्या यादीतल्या, स्थगित झालेल्या कामांबाबत आपण तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी सूचना दिली का, कोणत्या तारखेला? लेखी उत्तर मिळावं ही विनंती. आपला नम्र,’

पाचवा प्रश्न कामाचा आहे. बहुमताचा पेच मिटतो, स्थगिती मागे राहते, आणि आमदाराने ती सभागृहात उचलली की नाही हे तारखेनिशी तपासता येतं. पत्र स्पीड पोस्टाने पाठवा, संपर्क कार्यालयात हाताने दिलं तर दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या. शिक्का द्यायला टाळाटाळ झाली तर भांडत बसू नका, पोस्टात जा.

सभागृहाची कार्यवाही विधानमंडळाकडे असते. सुरुवातीला मिळते ती ‘असुधारित प्रत’ असते, त्यातलं वाक्य जसंच्या तसं छापून वाद घालू नका, आधी अंतिम प्रत बघा. अध्यक्षांनी कामकाजातून काढून टाकलेला मजकूर अंतिम प्रतीत नसतो.

मतविभागणीची नावनिहाय यादी संकेतस्थळावर सापडली नाही तर विधानमंडळ सचिवालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज एका विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत ठेवा, लांबला की परत येण्याला निमित्त मिळतं. ‘माझ्या आमदाराने पक्षाशी गद्दारी का केली’ हा माहितीचा प्रश्न होत नाही. ‘अमुक तारखेच्या ठरावावरील मतविभागणीची यादी आणि त्या दिवसाच्या हजेरीची प्रत’ हा होतो. विधानमंडळाच्या विशेषाधिकाराचा भंग होईल अशी माहिती कलम ८(१)(ग) प्रमाणे नाकारता येते, पण सभागृहात उघडपणे झालेल्या मतदानाला ते कलम लावलं तर पहिलं अपील करा. अपिलाला नकार हाती आल्यापासून ३० दिवस मिळतात, म्हणून पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का फाडून टाकू नका.